पाळीचं काय होणार, ते सुई टोचायच्या आधी सांगा

"अंगावरचं थांबूनच नाही राह्यलं जी."

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कंबरदुखी, थकवा, चक्कर म्हणून आलेली बाई हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलते, तेही खुर्चीवरून उठता उठता. विचारलं की कळतं, दोन महिन्यांपूर्वी उपकेंद्रात दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन घेतलंय. पुढचा डोस घ्यायचा नाही हे तिनं घरीच ठरवून टाकलेलं असतं. तिचं पाहून शेजारच्या दोघी-तिघींनीही.

यात औषधाचा दोष शोधत बसू नये. 'पहिले काही महिने पाळीचा ताळमेळ राहणार नाही' हे एक वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच झालेलं असतं. आपण डॉक्टर, सिस्टर, आशाताई सगळे खात्री किती आणि वर्षं किती, यावर बोलतो. बाईचा प्रश्न एकच असतो, माझ्या पाळीचं काय होईल? आणि प्रत्येक साधनाचं याला उत्तर वेगळं आहे. ते पाठ नसेल तर देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतरापासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त बदनाम तेच झालंय. डीएमपीए नावाचं हार्मोन, 150 मिलिग्रॅम, दर 3 महिन्यांनी स्नायूत. सुरुवातीचे 3 ते 6 महिने थेंब थेंब जाणं, मध्येच डाग पडणं, कधी आठ-दहा दिवस सलग जाणं, हे सगळं अपेक्षित. मग पाळी विरळ होत जाते आणि वर्षभर नियमित घेतलं तर जवळपास निम्म्या बायकांची येईनाशी होते.

पुस्तकात याला 'किरकोळ दुष्परिणाम' म्हणतात. गावात तो किरकोळ नसतो. गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांमध्ये पाळीच्या बाईनं कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहायचं असतं. तिथे दहा दिवस डाग म्हणजे दहा दिवस कुर्माघर. इकडे वऱ्हाडात कुर्माघर नाही, पण घरी महालक्ष्म्या बसल्या असताना सून आठवडाभर 'बाहेरची' असली तर सासूचा पहिला प्रश्न 'कोणतं इंजेक्शन टोचून आणलं' हाच. प्रथा चूक की बरोबर हा वाद जरूर घालावा, पण सुई देतानाच्या पाच मिनिटांत नको. त्या वेळी तिला कळायला हवं की हे होऊ शकतं, कधीपर्यंत चालेल आणि जास्त झालं तर काय करायचं.

जास्त झालं तर मेफेनॅमिक आम्ल 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवल्यावर, 5 दिवस. पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर द्यायचं नाही. तरी थांबेना आणि बीपी ठीक असेल, बाळ 6 महिन्यांच्या आत अंगावर पीत नसेल, तर माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातली हार्मोनची गोळी रोज एक, 21 दिवस. नुसत्या डागांना काहीच लागत नाही. तेवढ्यासाठी सलाईन लावणाऱ्यांना हात जोडावेत.

पाळी बंद होण्याची भीती तर याहून मोठी. 'घाण रक्त आत साचतं, डोक्यात चढतं, गाठ होते.' समजवायला सोपं आहे. पिशवीचं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि गळून पडतं, तीच पाळी. इंजेक्शननं अस्तर जाडच होत नाही, मग पडणार काय? वावरात पेरलंच नाही तर सोंगणार काय, असं म्हटलं की बायका हसतात आणि लक्षात ठेवतात. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर अडकलंय तिला तर पाळी न येणं फायद्याचंच. आपल्या पट्ट्यातल्या सिकलसेलच्या बाईलाही अंतरा चांगलं मानवतं. तिला मालाची गोळी मी सुचवणार नाही, कारण इस्ट्रोजेन रक्त गोठण्याचा धोका वाढवतं आणि सिकलसेलमध्ये तो आधीच जास्त असतो.

बाकी चुका हाताच्या आहेत. कुपी नीट हलवत नाहीत, औषध तळाशी राहतं. टोचल्यावर सवयीनं कापसानं चोळतात, किंवा बाई घरी जाऊन शेकते. दोन्हींनी औषध लवकर शोषलं जातं आणि 3 महिने पुरत नाही. पुढचा डोस तारखेच्या 2 आठवडे आधी किंवा 4 आठवडे उशिरापर्यंत चालतो. मेळघाटातली जी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडून होळीला परततात, त्यांच्यासाठी हे 2 आठवडे फार मोलाचे. निघायच्या आधीच देऊन टाकावं, आणि कार्ड घरात नको, तिच्या पिशवीत हवं. शिवाय, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला साधारण 7 ते 10 महिने लागतात. सहा महिन्यांनी मूल हवंय म्हणणाऱ्या नव्या नवरीला अंतरा दिलं की 'इंजेक्शननं वांझ केलं' ही अफवा आपणच पेरलेली असते.

छाया उलट्या बाजूनं घाबरवते. सेंटक्रोमन 30 मिलिग्रॅम, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग 3 महिने आठवड्यातून दोन, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एक. पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार, पुढे फक्त रविवार. तो वार गावच्या बाजाराला जोडून दिला तर विसरत नाही. या गोळीनं पाळी लांबते, आणि लांबली की बाईला वाटतं दिवस राहिले, मग ती घाबरून कुठूनतरी पाडायच्या गोळ्या आणते. म्हणून छाया देतानाच सांगायचं: पाळी लांबू शकते, 15 दिवसांहून जास्त लांबली तर आशाताईकडून निश्चय किट घेऊन लघवी तपास. गोळी विसरली आणि 7 दिवस व्हायचे असतील तर आठवताच घ्यायची, पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरायचा. 7 दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा आठवड्यातून दोनपासून सुरुवात. पीसीओएस, नुकतीच झालेली कावीळ, यकृत-किडनीचा आजार किंवा टीबी असेल तर छाया नको.

तांबीनं, म्हणजे पिशवीत बसवायच्या कॉपर-टीनं, पाळी वाढते. पहिले 3 ते 6 महिने रक्त जास्त, दिवस जास्त, कळा जास्त. त्यामुळे बसवण्याआधी पापणीची आतली बाजू नुसती बघून भागत नाही, हिमोग्लोबिन करावं आणि लोहाच्या गोळ्या तेव्हाच सुरू कराव्या. पाळीत रक्त फार जात असेल तर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवून, 5 दिवस. ॲस्पिरिन नाही, त्यानं रक्त वाढतं. 380ए तांबी 10 वर्षं, 375 ची 5 वर्षं. बाळंतपणानंतर बसवायची तर 48 तासांच्या आत, नाहीतर थेट 6 आठवड्यांनी. बाळंतपणात बसवलेली निसटून पडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि बाळंतिणीचं रक्त जातच असल्यानं ते तिच्या लक्षातही येत नाही. दीड महिन्यानं धागा बघायला बोलवा. हे बोलावणं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

माला-एनचं गणित सरळ: 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. पाळी हलकी होते, वेळेवर येते. सुरुवातीच्या दोन-तीन पाकिटांत मध्येच डाग दिसला म्हणून बाई गोळ्या थांबवते, थांबवल्यावर भरपूर जातं, आणि गोळी बदनाम होते. दुसरी चूक त्याहून नेहमीची, लोहाच्या सात गोळ्या टाकून देणं आणि नवं पाकीट दोन-चार दिवस उशिरा सुरू करणं. सगळ्यात घातक उशीर हाच, कारण हार्मोनचा खंड सातवरून नऊ ते अकरा दिवसांवर जातो आणि बीज बाहेर पडू शकतं. एक गोळी विसरली तर आठवताच घ्यायची. सलग दोन किंवा जास्त विसरल्या तर एक लगेच, बाकी रोजच्या वेळी, आणि 7 दिवस निरोध. विसरणं तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट. देण्याआधी बीपी मोजा, 140/90 च्या वर असेल तर दुसरं साधन. डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का, तेही विचारा. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन या गोळीचा असर घालवतं, तेव्हा ते औषध सुरू असलेल्या बाईला अंतरा किंवा तांबी.

सणाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, या गर्भनिरोधक नाहीत. त्या चालू असताना बिनधास्त राहणारी जोडपी खूप आहेत. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची ती एक आपत्कालीन गोळीही पाळी काही दिवस मागेपुढे करते. आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी.

पाळीला हातही न लावणारी पुरुषांची साधनं दोन, निरोध आणि पुरुष नसबंदी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी 37.9 टक्के, पुरुष नसबंदी 0.3. काही बोलायला नको. फक्त एवढं, की बिनटाक्याच्या नसबंदीनंतर 3 महिने निरोध वापरून वीर्य तपासावं लागतं, हे न सांगितल्यानं पुढे घरात संशयाचं भांडण होतं आणि मार बाई खाते.

आता 'पाळी आल्यावर या' बद्दल. हे वाक्य ओपीडीतून बंद व्हावं. दहा मैलांवरून वडापनं आलेली बाई परत येत नाही, पोटुशी होऊन येते. शेवटच्या पाळीपासून संबंधच आला नसेल, पाळी येऊन 7 दिवस व्हायचे असतील, बाळंत होऊन 4 आठवडे व्हायचे असतील, गर्भपाताला 7 दिवस व्हायचे असतील, किंवा बाळ 6 महिन्यांच्या आत, फक्त अंगावरच्या दुधावर आणि पाळी आलेली नसेल, तर यातलं एक जरी लागू झालं तरी ती गरोदर नाही असं धरता येतं. मग त्या बाईला चालेल ते साधन त्याच दिवशी द्या. तेही जमत नसेल तर निरोध तरी हातात द्या.

सगळं साधनावर ढकलणंही तितकंच चूक. ताप, वास येणारं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, चाळिशीनंतर बदललेली पाळी, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेला डाग, यातलं काहीही असेल तर 'अंतराचंच असेल' म्हणून सोडायचं नाही, आत तपासायचं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी-उपचार झाले होते फक्त 8 टक्क्यांचे. त्या अभ्यासात साधनांचा संबंध आढळला होता, पण त्यानं आजाराचा थोडासाच भाग उलगडत होता. बाकीचा तपासल्याशिवाय कळणारच नव्हता. आजही कित्येक ठिकाणी न तपासता सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज' असा कागद हातात पडतो आणि पस्तिशीत पिशवी निघते. 30 ते 65 वयाच्या बाईच्या पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा चट्टा दिसतो का बघायचं, ही पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची व्हीआयए तपासणी. तिला यंत्र लागत नाही, उजेड आणि स्पेक्युलम लागतं.

आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली, एका बाजूला दुखतंय, चक्कर येते, तर 'ऑपरेशन झालंय ना' म्हणून ॲसिडिटीची गोळी देऊ नका. नळीत गर्भ असू शकतो. आधी लघवी तपासा. पॉझिटिव्ह आली तर शीर लावून, गाडी बोलावून, रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात. तालुक्याला जाऊन परत जिल्ह्याला जाण्यात तास जातात, म्हणून आधी फोन करून कुठे भूलतज्ज्ञ हजर आहे ते विचारून मगच गाडी हलवा.