देवाला विचारून झाडे कशी तोडावीत

निसर्गावर अपार श्रद्धा आहे, पण गाडी लावायला जागा नाही, अशा पेचात सापडलेल्या गोमंतकीय भाविकांसाठी हा लेख आहे. आमच्या देवस्थानाने नुकताच जीर्णोद्धारासाठी देवराईचा एक कोपरा सपाट केला, तेव्हापासून या शास्त्रातले बरेच ज्ञान मला प्राप्त झाले आहे.

आधी कौल घ्यावा. राईतली सुकी काटकी घरी नेली तरी राखणदार कोपतो, असे आपले आजे मानत, म्हणून परवानगी लागतेच. मूर्तीला पाकळ्या लावाव्यात. उजवी पडली तर होकार समजावा, डावी पडली तर पुन्हा लावाव्यात, कंत्राटदाराचा खोळंबा होत असल्याचे गाऱ्हाण्यात स्पष्ट सांगावे आणि उजवी पडेपर्यंत धीर सोडू नये. सातेरीची रोयण, म्हणजे वारूळ, मात्र हलवू नये, कारण ती साक्षात देवी आहे. तिच्याभोवती फक्त ग्रॅनाइट बसवावे. वारूळ वाळवी बांधते आणि वाळवीला माती, ओल व कुजलेले लाकूड लागते, हे देवीला ठाऊक असले म्हणजे पुरे. उरलेल्या आवारात पेव्हर घालावेत. गोव्यात वर्षाला शंभरावर इंच पाऊस पडतो. तो राईच्या पालापाचोळ्यात मुरून खालच्या झरीला पाणी पुरवत असे, आता तो सरळ रस्त्यावर येईल आणि मे महिन्यात देवाच्या अभिषेकाला टँकर मागवता येईल. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हे विचारू नये. ज्या गावाने अजून जीर्णोद्धार केलेला नाही, तिथलीच ती असणार.

वाघ दगडात कोरलेला असेल तरच हात जोडावेत. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या रानात विषाने मेलेले चार वाघ हाडामांसाचे होते.

चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला माट्टीची फळे, कवंडळे, आंबाडे बाजारातून आणावीत आणि ती ज्या डोंगरावर होतात, त्याचे प्लॉट पाडावेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली धरतीच्या रक्षणासाठी परिपत्रक काढले. त्यावरचे प्रवचन ऐकून परतताना शेतात मातीचा भराव टाकून घ्यावा.

शेवटी मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण करावे.

सत्तरी तालुक्यात बांबर गावी निरंकार देवाच्या राईत रानटी जायफळाची दलदल आजही उभी आहे, ती कुणाच्या भाषणाने नव्हे, देवाच्या धाकाने टिकली. तो धाक तुम्ही मोडला आणि वर देवाच्याच नावाने पावत्या फाडल्या. समितीतल्या सज्जनांनो, पाकळी डावी पडली तेव्हा गर्भकुडीसमोर, गाभाऱ्यापुढे, आम्हीही उभे होतो. देवाने नको म्हटले होते आणि ते तुम्हाला नीट कळले होते, म्हणूनच तुम्ही पुन्हा विचारलेत. पुढच्या झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या आहेत, त्या पुसा, आणि शिल्लक वर्गणीतून आधी रोयणीभोवतीचा दगड उखडा.