सत्तेचे विभाजन आणि तिन्ही शाखांची सरमिसळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सत्तेच्या विभाजनावरील माझ्या लेखावर आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप मी असा समजलो: अमेरिकेचा अध्यक्ष कायद्यावर नकाराधिकार वापरतो, सिनेट (तेथील कायदेमंडळाचे वरिष्ठ सभागृह) त्याने सुचवलेल्या नेमणुका रोखू शकते आणि न्यायालय या दोघांच्या संमतीने झालेला कायदाही घटनाबाह्य ठरवते, तेव्हा ‘कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे हात पूर्णपणे वेगळे असतात’ हे माझे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि या अडवाअडवीमुळे संकटकाळी देशाचेच नुकसान होते.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. ‘पूर्णपणे’ हा शब्द मी वापरायला नको होता. मात्र त्यावरून विभाजनच खोटे ठरते, हा आपला निष्कर्ष पटत नाही. अमेरिकेच्या संविधानाचा मसुदा मंजुरीसाठी राज्यांपुढे होता, तेव्हा विरोधकांनी नेमके हेच म्हटले होते. त्यावर १७८८ मध्ये त्या संविधानाचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी दिलेले उत्तर मला आजही निर्णायक वाटते: एका शाखेला दुसरीच्या कामात थोडाबहुत वाटा असण्याला सत्ताविभाजनाचा विचार मांडणारे फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू यांचा विरोध नव्हता, ज्यांच्या हाती एका शाखेची सगळी सत्ता आहे, त्यांच्याच हाती दुसरीचीही सगळी सत्ता जाणे त्यांना घातक वाटत होते. नकाराधिकाराने अध्यक्षाला कायदा अडवता येतो, पण स्वतःचा कायदा लिहून लागू करता येत नाही. हा फरक लहान नाही.

संकटाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. एप्रिल १९५२ मध्ये कोरियात युद्ध चालू असताना अमेरिकेतील पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला. शस्त्रांसाठी पोलाद हवेच, म्हणून अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ८ एप्रिलला वाणिज्यमंत्र्यांना कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश दिला. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु असा अधिकार देणारा कायदा नव्हता. उलट १९४७ मध्ये कामगार कायदा करताना काँग्रेसने (अमेरिकेच्या कायदेमंडळाने) तो देण्याची सूचना नाकारली होती. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश अवैध ठरवला. नऊही न्यायाधीश आधीचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते, आणि विरोधात गेलेल्या सहांपैकी दोघे तर खुद्द ट्रुमन यांनी. त्या सहांत रॉबर्ट जॅक्सन होते. रूझवेल्ट यांचे महान्यायवादी असताना १९४१ मध्ये त्यांनी विमानांचा एक कारखाना सरकारने ताब्यात घेण्याचे समर्थन केले होते, आणि सरकारी पक्षाने तो दाखलाही पुढे केला. पण सरकारची वकिली करताना घेतलेली भूमिका न्यायाधीश म्हणून आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांनी निकालपत्रात स्पष्टपणे नोंदवले. माणूस तोच, खुर्ची बदलली, आणि खुर्चीबरोबर कर्तव्यही बदलले. हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते.

ट्रुमन यांनी कारखाने परत केले आणि त्यानंतरचा संप सात आठवड्यांहून अधिक चालला. ही किंमत मी नाकारत नाही. तरीही अधिकार हवा होता तर तो काँग्रेसकडे मागण्याचा रस्ता मोकळा होता, आणि अध्यक्षाची निकड कितीही खरी असली तरी तेवढ्याने कायदा होत नाही, असेच माझे मत आहे.

ब्रिटनमध्ये मंत्री संसदेतूनच येतात, त्यामुळे तेथे विभाजन नाही, हे आपले विधानही थोडे घाईचे आहे. कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यातील भिंत तेथे पातळ आहे, हे खरे. पण २०१९ मध्ये सरकारच्या सल्ल्यावरून संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित झाली, म्हणजे तिचे कामकाज थांबवले गेले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने ती कृती बेकायदा ठरवली आणि दुसऱ्याच दिवशी सभागृह पुन्हा भरले. सरकारला जाब विचारण्याचे संसदेचे काम सरकारलाच सबळ कारणाशिवाय बंद पाडता येणार नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले. संसदेने काय ठरवावे, याबद्दल ते काही बोलले नाही.

मूळ लेखातील ‘पूर्णपणे’ हा शब्द मी काढून टाकत आहे आणि त्या जागी नकाराधिकार व नेमणुकांवरील संमती यांविषयी एक परिच्छेद जोडत आहे.