अनुशेष मोडू नका!

तुम्ही मराठवाड्यातले असाल आणि अलीकडे कुणी तुमच्या कानात 'विकास' असं काही पुटपुटलं असेल, तर आधी ग्लासभर पाणी प्या. नळाला नसेल तर टँकर येईपर्यंत थांबा. मग शांतपणे हे वाचा.

वाटण्या होत होत आजोबांची चाळीस एकर आपल्यापर्यंत दोन एकर पोचली, आणि तिच्याही सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. वंशपरंपरेनं आलेली, एक गुंठाही कमी न झालेली अशी एकच मालमत्ता आपल्याकडे उरली आहे. मागासलेपण. ते उधळू नका.

या ठेवीवर परतावा किती ते बघा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ साली राज्याचा हिशेब मांडला, तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीला पोचायला लागणारा खर्च, निघाला ७५० कोटी ८५ लाख. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ पर्यंतची बेरीज केली, तर तो ४,००४ कोटींच्या वर गेलेला. पाचपटीहून जास्त! कुठल्या पतसंस्थेनं तुम्हाला असं व्याज दिलंय? शिवाय पतसंस्था बुडते, ही ठेव बुडत नाही. परत मिळायचीच नाही म्हटल्यावर बुडेल कशी? आणि दांडेकरांच्या त्याच हिशेबात पुणे, नाशिक, कोल्हापूर ज्यात येतात त्या 'उर्वरित महाराष्ट्रा'चा अनुशेष १,१८९ कोटी होता, आपल्यापेक्षा जास्त. पंगत उठल्यावर कळलं की आपल्यापेक्षा वाढपीच जास्त उपाशी राहिले होते.

तेव्हा पहिला सल्ला हा, की अनुशेष मागत राहा, पण मिळणार नाही याची काळजी घ्या. मिळाला तर पुढच्या निवडणुकीत भाषण कशावर करणार?

दुसरा सल्ला अहवालांबद्दल. प्रादेशिक असमतोलावरची विजय केळकर समिती २०११ ला नेमली, २०१३ ला तिनं अहवाल दिला, डिसेंबर २०१४ ला तो विधिमंडळात ठेवला गेला. मराठवाड्याचं दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात आहे. तुम्ही फक्त 'केळकर समितीच्या शिफारशी लागू करा' एवढं निवेदन तहसीलदारांना द्यायचं आणि फोटो काढायचा. अहवाल उघडून वाचू मात्र नका, त्यात आपल्यालाही काही करायला सांगितलेलं असू शकतं. वैधानिक विकास मंडळाचंही तसंच. १९९४ ला स्थापन झालेल्या मंडळाची मुदत एप्रिल २०२० ला संपली, सप्टेंबर २०२२ ला मंत्रिमंडळानं ते पुन्हा आणायचं ठरवलं. अनुशेष मोजणाऱ्या मंडळाचाच अनुशेष! हे भाग्य फार थोड्या प्रदेशांना लाभतं.

मंत्रिमंडळाच्या मराठवाड्यातल्या बैठकीची वाट बघायला शिका. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पॅकेज सात वर्षांनी. ऑक्टोबर २०१६ च्या बैठकीत ४९ हजार कोटींचं जाहीर झालं, सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत ४५ हजार कोटींच्या वरचं. त्या दिवशी 'मागच्याचं काय झालं' असं विचारू नका. दारी आलेल्या पाहुण्याला त्यानं गेल्या खेपेला दिलेला शब्द आठवून देणं आपल्या संस्कारात बसत नाही. पाहुण्यासाठी रस्ता डांबरला जातो, तो बघून घ्या. पाऊस येईपर्यंत टिकतो, आणि पाऊस आपल्याकडे उशिराच येतो.

आता पाण्याकडे वळू, म्हणजे उसाकडे.

आपल्याकडे पाणी नाही, म्हणून ऊस लावा. इथे तर्क शोधू नका, साखर कारखान्याचं धुराडं शोधा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवतं? पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आपल्याकडे एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं असं कृषी अर्थतज्ज्ञ सांगत आलेत. करा भागाकार. साडेतीनशे किलोमीटरवरून, देशभरचे कॅमेरे मागे लावून, गाजावाजा करत आलेली ती आख्खी गाडी म्हणजे अडीच क्विंटल साखर. पाच पोती. एखाद्या बऱ्या घरच्या लग्नाच्या बुंदीलाही कमी पडायची. २०१९ मध्ये विभागीय आयुक्तालयानं मराठवाड्यात ऊसच नको, अशी शिफारस केली. ऊस आहे. शिफारसही असेलच कुठेतरी फायलीत.

शेतकरी काही वेडा नाही, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. उसाला कायद्यानं ठरलेली एफआरपी, म्हणजे किमान दर, आहे आणि न्यायला कारखाना आहे. सोयाबीनला २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव होता, आणि आडतीवर पट्टी फाडली जात होती चार हजारांच्या आसपास. जे पीक जमिनीला झेपतं त्याला भाव नाही आणि ज्याला भाव आहे ते जमिनीला झेपत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला ठिबकवर व्याख्यान द्यायला मुंबईहून माणूस बोलवावा. त्यानं बिसलेरीची बाटली टेबलावर ठेवून बोलावं.

जायकवाडीचा विषय निघाला तर आवाज चढवा. धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र २०१४ ला ठरलं. सूत्र छान आहे. वरून पाणी सुटायच्या आधी वरूनच याचिका सुटते, एवढंच. नगर-नाशिकच्या नावानं दोन महिने गळा काढा, म्हणजे धरणाच्या खालच्या कालव्यांची अवस्था कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण स्वयंपूर्ण आहोत. दसरा झाला की बीडमधून ऊसतोडीला कोयते निघतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम दोघांना मिळून एक कोयता धरतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. एकटा आला तर अर्धा कोयता. जगात यंत्राला घोड्याच्या ताकदीनं मोजल्याचं ऐकलंय, आपण माणसाला थेट अवजारात मोजतो. उचल फेडायला हंगाम, हंगाम संपला की नवी उचल. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. त्या ३४ टक्के वाढीचं कौतुक करा. आधी टन म्हणजे किती मोळ्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कशा चढवतात, हे फडात जाऊन बघू नका, कौतुक करवणार नाही. आणि हार्वेस्टर येतोय, म्हणजे हे काम जाणार. त्यानंतर या लाखो माणसांनी काय करायचं, याचा अहवाल निघेलच.

२०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली होती. खाड्याचे पैसे कापले जातात, पाळी परवडत नाही. यावर मला काही सुचत नाही. पुढे जाऊ.

उद्योगांबद्दल विचारलं की 'ऑरिक' म्हणा. शेंद्रा-बिडकीनला दहा हजार एकरांवर औद्योगिक शहर उभं राहतंय, जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं वीस हजार कोटींचा करार केला, आणि वाळूजमध्ये तर १९८५ पासून बजाजची दुचाकी तयार होते. हे सगळं खरं आहे आणि चांगलंही आहे. आठातल्या एका जिल्ह्यात आहे, एवढंच. शेजारी जालन्याला लोखंड आणि बियाणं. हिंगोलीच्या पोरानं याचा फायदा सरासरीतून घ्यावा. शेजाऱ्याच्या घरी पुरणपोळी झाली की दोन्ही घरांची मिळून सरासरी अर्धी-अर्धी पोळी पडते, पोट भरलं असं समजावं.

राज्य २०२८ पर्यंत एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था होणार आहे. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं. आपल्या आठ जिल्ह्यांनी एकेक दिलं तरी आठांची सोय झाली.

आपली अस्सल निर्यात तूर नाही, सोयाबीन नाही, मुलं आहेत. लातूर पॅटर्न उगाच नाही निघाला. एक एकर विकायचं, पोराला शिकवणीला घालायचं, पोरगं डॉक्टर-इंजिनिअर होतं आणि पुण्याच्या सकल उत्पन्नात भर घालतं. पालनपोषणाचा खर्च मराठवाड्याचा, जीएसटी पुण्याचा. तुम्ही स्वतःही हे हिंजवडीच्या नाहीतर चाकणच्या खोलीवर पडल्या पडल्या वाचत असाल. हरकत नाही. गावाकडे फोन करा, पाऊस झाला का विचारा, फेसबुकवर 'आमचा मराठवाडा' लिहा. जमीन विकलीत ती कुणी घेतली, तेवढं मात्र विचारू नका. समृद्धी महामार्ग जिथून जायचा होता तिथे आधी कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही नव्हे.

शेवटी रेल्वे. अहमदनगर-बीड-परळी मार्गाला १९९५ ला मंजुरी मिळाली. २६१ किलोमीटर, खर्च ३५३ कोटी. तीस वर्षांत तो ४,८०५ कोटींवर गेला आणि नगरचं अहिल्यानगर झालं. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली गाडी सुटली. तीस वर्षांत नगर ते बीड एवढाच टप्पा झाला, हिशेब केला तर वर्षाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास. उसानं भरलेली टायरगाडी एवढं अंतर सकाळच्या चहापर्यंत कापते. पण रेल्वे आली, हे महत्त्वाचं. स्टेशनवर सेल्फी काढून झाला असेल तर डब्यात चढा आणि गाडी कुठल्या दिशेला जातेय ते बघा. बाहेरच जातेय. परळीकडचा रूळ व्हायचा होता. तो होऊ द्या सावकाश, तेवढा अनुशेष पोरांच्या नावावर राहिला पाहिजे.