गोरखीसमोर, अटलजींवरून

काल संध्याकाळी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात चहा हातात येतोय तोच बाळूने समोरच्या गोरखीकडे बोट दाखवलं. "अटलजी या शाळेत शिकले. मग त्यांच्या शेवटच्या नऊ वर्षांचं किमान आपल्या ग्वाल्हेरला तरी काही कळायला हवं होतं की नाही?"

२००९ मध्ये पक्षाघात झाला, बोलणं थांबलं. तेव्हापासून १६ ऑगस्ट २०१८ पर्यंत ते जवळजवळ कुणाला दिसलेच नाहीत. २०१५ मध्ये भारतरत्न द्यायला राष्ट्रपती स्वतः घरी गेले, एवढीच काय ती बातमी.

"पंतप्रधान असताना गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, २००० आणि २००१ मध्ये, ती साऱ्या देशाला ठाऊक होती," बाळू म्हणाला.

"अरे, तेव्हा ते खुर्चीवर होते. देश चालवणाऱ्याच्या तब्येतीबद्दल लोक विचारणारच. पण खुर्ची सुटल्यावर आजारपण घरच्यांचं," मी म्हटलं.

नाना इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "१९८४ च्या लोकसभा निवडणुकीत राजीव गांधींनी आयत्या वेळी माधवराव शिंद्यांना इथून उभं केलं आणि अटलजी आपल्याच गावात पडले. पुढे तीन-चार वर्षांनी मूत्रपिंडाच्या दुखण्यावर अमेरिकेत इलाज हवा होता. तेव्हा त्याच राजीवजींनी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळात घालून पाठवलं आणि कुठे वाच्यता केली नाही. १९९१ मध्ये राजीवजी गेल्यावर अटलजींनी आपण होऊन सांगितलं, मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. स्वतःचं दुखणं आणि विरोधकाचे उपकार असे चारचौघांत सांगणारा माणूस दार लावून घेईल?"

मला हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. तरीही नानांचं पटेना, कारण डोळ्यांसमोर आमचे बाबा होते. त्यांचीही वाचा अशीच गेली. पेज भरवताना डाव्या ओठातून ओघळायची. दाराची कडी वाजली की चालत्या हाताने पंचा तोंडावर ओढून घ्यायचे. शेवटी आई लोकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवू लागली. अटलजींचा तर सगळा जीव बोलण्यात. वाक्य अर्ध्यावर सोडून डोळे मिटून थांबायचे, आणि मैदानभर माणसं पुढच्या शब्दासाठी खोळंबलेली असायची. त्या माणसाला तसं कुणी का पाहावं? हे सगळं मी जरा चढ्या आवाजातच बोललो.

"आजच्या पोरांना मोबाइलवरची ती भाषणंच माहीत आहेत. तेच बरं झालं म्हणायचं?" बाळूने विचारलं.

मी हो म्हणणार, तेवढ्यात नानांनी ग्लास खाली ठेवला.

"तुझ्या बाबांना भेटायला मी दोनदा आलो होतो. वहिनींनी दोन्हीदा परत पाठवलं. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं रे. नुसता हात हातात घेऊन बसलो असतो."