पाऊच, मूल आणि "घाबरवणं": एका प्रतिक्रियेला उत्तर

मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याच्या टोकाची पिशवी पोटात बनवतात, तिला जे-पाऊच म्हणतात. त्या ऑपरेशननंतर दिवस राहणं अवघड होऊ शकतं, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची ही प्रतिक्रिया तीनदा वाचली: "स्वतःला त्रास झाला म्हणून सगळ्या मुलींना घाबरवू नका. जे-पाऊचनंतर माझ्या वहिनीला दोन मुलं झाली. तुमचे आकडेही जुने आहेत. आयुर्वेदाबद्दल का लिहीत नाही?"

ताई, आकड्यांबाबत तुमचं थोडं बरोबर आहे. लेखातले आकडे ज्यातून घेतले त्या 2006 सालच्या विश्लेषणात बहुतेक ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती. दुर्बिणीतून केल्यास धोका कमी दिसतो, हे मी लिहायला हवं होतं. पण "स्वतःला त्रास झाला म्हणून"? हे लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होणारा आजार) माझं मोठं आतडं काढलं तेव्हा मी 26 वर्षांची होते. संमतीपत्रावर सही करायची होती, हाताला सलाईन, म्हणून आईने कागदाखाली जेवणाचं ताट धरलं. त्या कागदावर रक्तस्राव होता, जंतुसंसर्ग होता. गर्भनलिकांचं नावही नव्हतं. ओटीपोटात खोलवर काम झालं की आतून चिकटतं आणि नलिका बंद होऊ शकतात, हे मला चार वर्षांनी कळलं. गर्भाशयात डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव्य) सोडून काढलेला एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी पेनाचं टोक टेकवलं: "डाय इथपर्यंत येतोय, पुढे जात नाही."

आधी कळलं असतं तर मी विचारलं असतं, आतडं आत्ता काढा, स्टोमाची (पोटावर केलेल्या छिद्राची) बाहेरची पिशवी राहू दे, पाऊच मुलं झाल्यावर करू. असा पर्याय असतो. पिशवी असतानाही बायका गरोदर राहतात, बाळंत होतात. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर मी घाबरवते.

वहिनींचं म्हणाल तर मला मनापासून आनंद आहे. पण त्या आकड्यांत वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहणाऱ्या बायका औषधांवर असताना 15 टक्के आणि पाऊचनंतर 48 टक्के आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना दिवस राहतातच, तुमच्या वहिनी त्यांतल्याच. लेखात हे होतं. आयव्हीएफचा मार्ग उरतो हेही होतं. माझी मुलगी त्याच मार्गाने आली, आता ती पहिलीत आहे. तेव्हा मी कडवटपणातून लिहिते असं समजायचं कारण नाही.

आयुर्वेदावर इथे बोलणार नाही.

वहिनींना एकदा विचारा, सही करण्याआधी त्यांना हे कुणी सांगितलं होतं का. दुर्बिणीच्या ऑपरेशनची ओळ मी आज लेखात घातली आहे. दिवस न राहण्याच्या धोक्याचा परिच्छेद मात्र काढणार नाही.