राजापूरचं तिकीट हवंय? मग एवढं ऐका

कोकणातून लोकसभेवर जायचं पक्कं केलं असेल, तर आधी मतदारसंघ जागेवर आहे का ते बघून या. थट्टा नाही करत. नाथ पै आणि मधु दंडवते यांना दिल्लीला धाडणारा राजापूर मतदारसंघ २००८च्या फेररचनेत पुसला गेला. राजापूरची गंगा, म्हणजे तिथला तो झरा, अधूनमधून गुप्त होते, पण निदान परत तरी येते. मतदारसंघ गेला तो गेलाच. त्याच्या जागी आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. चिपळूणच्या वाशिष्ठीपासून सावंतवाडीच्या मोती तलावापर्यंत सगळं तुमचंच, दापोली-गुहागर तेवढं रायगडाच्या पदरात. एवढ्या मुलखात फिरायचं कधी, म्हणून घाबरू नका. गंगेचाच कित्ता गिरवा. ती साधारण तीन वर्षांनी प्रकटते म्हणतात, तुम्हाला पाचाची सवलत आहे.

आता काय करू नये ते सांगतो. नाथ पैंसारखं बोलू नये. हा वेंगुर्ल्याचा बॅरिस्टर १९५७, १९६२ आणि १९६७, असा तीनदा निवडून आला आणि केलं काय, तर लोकसभेत भाषणं! गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावायची बंदी केली, तर हे तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खासगी विधेयक घेऊन उभे. अहो, त्यात ओढ्यावरचा साकव कुठे आला? पायऱ्यांची पाखाडी कुठे आली? खासदार निधी १९९३ साली सुरू झाला, त्याआधीच्या बिचाऱ्यांना बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं हे समजून घेऊ. तुमच्यावर तशी वेळ नाही.

दंडवत्यांची चूक त्याहून मोठी. माणूस मूळचा अहमदनगरचा, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारा. गावकी-भावकीच्या कुठल्याच गणितात न बसणारा. तरी कोकणाने त्याला १९७१पासून सलग पाच वेळा निवडून दिलं, १९८४च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा! १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालायला लावली. इथेच राजकारण कच्चं. गादी ही घरात चालवायची वस्तू आहे, ती कोणी दुसऱ्या वर्गात अंथरतं का?

बरं, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटले. १९९०मध्ये महामंडळ झालं तेव्हा रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिसांकडे आणि तिजोरी यांच्याकडे, असा योग पुन्हा येणे नाही. मग १९९१ला कोकणाने त्यांना घरी बसवून सुधीर सावंतांना पाठवलं. १९९८ला गाडी रोह्यापासून मंगळूरकडे सलग धावू लागली तेव्हा दंडवते खासदार नव्हते. यातून धडा घ्या: काम असं हाती घ्यावं जे संपणार नाही. मुंबई-गोवा महामार्ग बघा. २०११पासून चौपदरी होतोय. दर गणपतीला नवी तारीख देता येते, दर शिमग्याला पाहणी दौरा. एवढं पुण्य पुरं झालेल्या रस्त्यात नाही.

सुरेश प्रभूंचं थोडक्यात सांगतो. १९९६पासून चारदा जिंकले, केंद्रात वीजमंत्री झाले, आणि २००९ला कोकणात त्यांचं पानिपत झालं. २०१४ला ते रेल्वेमंत्री झाले ते राज्यसभेवर जाऊन, आणि तेही हरियाणातून, म्हणजे खुद्द पानिपताच्या राज्यातून. तेव्हा हरलात तर खचू नका, नकाशा मोठा आहे.

घराणेशाहीची चिंता तर सोडूनच द्या. वडिलांच्या जागी मुलगा येतो म्हणून लोक उगाच नाकं मुरडतात. इथे २००९ला आधी मुलगा गेला, निलेश राणे, काँग्रेसच्या हातावर. मधली दोन वर्षं, म्हणजे निवडणुकांची, विनायक राऊतांनी नेली. मग २०२४ला वडील गेले, नारायण राणे, भाजपच्या कमळावर. आडनाव एक, चिन्हं दोन. मतदाराला लक्षात ठेवायला सोपं.

राहिला रिफायनरीचा प्रश्न. नाणार असो नाहीतर बारसू, दोन पत्रं कायम तयार ठेवा, पाठिंब्याचं डाव्या खिशात, विरोधाचं उजव्या. फक्त कातळाच्या सड्यावर जमलेल्या बायकांसमोर खिसा चुकू देऊ नका. त्या पत्र वाचत बसत नाहीत, तोंड वाचतात.

प्रचाराची सुरुवात म्हणाल तर गणपतीच्या गर्दीत दादरहून गाडी पकडा. डब्यात चाकरमानी उभे असतील, पोरं पिशव्यांवर झोपलेली असतील. कुणीतरी सरकून जागा देईल. बसा आणि फोटो बसल्या-बसल्याच काढून घ्या. तुमच्याखाली दोन इंच काय आहे, ते फोटोत येत नाही.