१०२४ ची मर्यादा सरसकट उठवा म्हणणाऱ्यांना उत्तर

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) एका वेळी १०२४ फाइलीच उघडता येतात, ही मर्यादा कमी मेमरीच्या जमान्यातली आहे. आज तिला अर्थ नाही, सगळीकडे ‘अनलिमिटेड’ लिहून टाका. न वापरलेल्या मर्यादेचा खर्च शून्य. एखादा प्रोग्राम मोडलाच तर दोष त्या प्रोग्रामचा, आणि सोर्स कोड खुला आहे, दुरुस्त करून घ्या. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सिस्टम-डीने २०१८ मध्ये हेच केलं आणि काही बिघडलं नाही. जुन्या सुसंगततेचा धोशा लावणारे उगाच आडवे येतात.

यात खरं फार थोडं आहे. तरीही लोक हे वाचून चालत्या मशीनवर बदल करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मेमरी. १०२४ या आकड्याला आज जे चिकटून बसलं आहे ते रॅम नाही, सिलेक्ट हा कॉल आहे, म्हणजे ‘या उघड्या फाइलींपैकी कुठे काही आलं आहे का’ असं कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) विचारायची सोय. तो १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून चालत आला. कोणत्या फाइलींवर लक्ष ठेवायचं हे त्याला बिटांच्या एका पट्टीतून सांगतात, प्रत्येक डिस्क्रिप्टरला (उघड्या फाइलीला किंवा कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाला) एक बिट. लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये ही पट्टी १०२४ बिटांची, म्हणजे १२८ बाइटची ठरलेली आहे. प्रोग्रामला १५०० क्रमांकाचा डिस्क्रिप्टर मिळाला आणि त्याने तो या पट्टीत नोंदवला, तर लिहिलं जातं पट्टीच्या बाहेर, शेजारच्या मेमरीत. फोर्टिफाय हा तपासणीचा पर्याय लावून बांधलेला प्रोग्राम निदान तिथेच बंद पडतो. तसा नसेल तर शेजारचं व्हेरिएबल गुपचूप बदलतं आणि गडबड कुठे तरी भलतीकडेच दिसते. मर्यादा जागेवर असली की ‘खूप फाइली उघड्या आहेत’ अशी स्वच्छ एरर येते. ती उठवली की एररच्या जागी बिघडलेली मेमरी येते. हा सौदा तोट्याचा आहे.

‘दोष प्रोग्रामचा’ हे म्हणायला सोपं आहे. पण तुमचा प्रोग्राम सिलेक्टऐवजी अशी पट्टी नसलेला ईपोल हा कॉल वापरत असला तरी त्याच्याच प्रोसेसमध्ये लॉगिन तपासणाऱ्या पॅम या व्यवस्थेची मोड्यूलं येतात, डेटाबेसचे ड्रायव्हर येतात. त्यातल्या एकाच्या पोटात सिलेक्ट असला की पुरे. सिलेक्ट वापरणारं ते मोड्यूल डिस्क्रिप्टर उघडतं तेव्हा पहिले हजारभर क्रमांक तुमच्या कनेक्शननी आधीच व्यापलेले असतात. आणि खुल्या सिस्टमवर चालणारं सगळंच खुलं नसतं. ज्या बायनरीचा (बांधून तयार प्रोग्रामचा) सोर्स कुणाकडेच उरलेला नाही ती दुरुस्त कोण करणार? ‘ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टमने २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत वेळेचा प्रकार ६४ बिटांचा करून जुन्या बायनरी मोडल्याच की’, असं उत्तर येतं. खरं आहे. पण ते लोक कर्नल, लायब्ररी आणि पॅकेजं एकत्र बांधून देतात आणि जुनी बायनरी चालेल असं वचन देत नाहीत. लिनक्सच्या कर्नलने ते वचन दिलं आहे. त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीने १२ व्या आवृत्तीत आयनोड क्रमांक (फाइलीचा अंतर्गत क्रमांक) ६४ बिटांचा केला, तेव्हा जुन्या बायनरींसाठी जुने कॉल जपून ठेवले. मोठा बदल आणि सुसंगतता एकत्र नांदू शकतात, फक्त त्यासाठी काम करावं लागतं.

आता ‘खर्च शून्य’. हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. नवा प्रोग्राम सुरू करण्याआधी आपल्याकडचे जास्तीचे डिस्क्रिप्टर बंद करायची जुनी, रुळलेली रीत आहे: ३ पासून मर्यादेपर्यंत प्रत्येक क्रमांक बंद करत जायचं. पायथन २ चं सबप्रोसेस मोड्यूल सांगितलं की हेच करायचं. मर्यादा १०२४ असताना हे कळतही नाही. कंटेनर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) चालवणाऱ्या सर्व्हिसच्या फाइलीत ‘इन्फिनिटी’ लिहिल्यावर बऱ्याच मशीनवर मर्यादा १,०७,३७,४१,८१६ झाली. एका कॉलला मायक्रोसेकंदाचा दहावा भाग धरा, तरी एका फेरीला पावणेदोन मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ एक कोअर शंभर टक्के गुंतलेला. कंटेनरमध्ये पॅकेज बसवणं अचानक रखडायला लागलं ते असल्याच फेऱ्यांमुळे. मायएसक्यूएल ५.७ मर्यादेच्या आकड्यावरून आधीच तक्ता आखतं, त्यामुळे रिकामा डेटाबेससुद्धा कित्येक जीबी मेमरी खाऊ लागला. शेवटी कंटेनर चालवणाऱ्या कंटेनर-डीने २.० आवृत्तीत ती ओळ सर्व्हिस फाइलीतून काढून टाकली. लिनक्स ५.९ पासून एका दमात सगळे डिस्क्रिप्टर बंद करणारा क्लोज-रेंज कॉल आहे, पण जुना कोड तो आपणहून वापरणार नाही.

राहिलं सिस्टम-डीचं उदाहरण. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या २४० व्या आवृत्तीने हार्ड लिमिट, म्हणजे प्रोग्रामला स्वतःहून जिथवर जाता येतं ती कमाल, ५,२४,२८८ केली. सॉफ्ट लिमिट, म्हणजे प्रत्यक्षात लागू असलेली मर्यादा, १०२४ च ठेवली, आणि तीही जाणूनबुजून, सिलेक्टसाठी. ज्याला जास्त फाइली हव्यात आणि जो सिलेक्ट वापरत नाही, त्याने स्वतःची सॉफ्ट लिमिट हार्डपर्यंत वर न्यावी, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे ज्या बदलाचा दाखला दिला जातो, तोच या सल्ल्याच्या विरोधात जातो.

मर्यादा वाढवा ही मागणी मात्र रास्त आहे, हे मी मनापासून मान्य करतो. आधीची ४०९६ ची हार्ड लिमिट खरोखरच तोकडी होती. डिस्क्रिप्टरला लागणारी कर्नलची मेमरी आता सी-ग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटाचा हिशोब ठेवणाऱ्या सोयीत) मोजली जाते, त्यामुळे तिला आवर घालायला ही मर्यादा पूर्वीइतकी लागत नाही. प्रोसेस क्रमांकांची ३२,७६८ ची कमाल मर्यादा ६४ बिटांच्या मशीनवर ४१,९४,३०४ झाली तेही योग्यच. प्रत्येक जुना आकडा पवित्र नसतो. तो कशाला बांधलेला आहे हे पाहून मग हात लावायचा.

तेव्हा एखाद्या सर्व्हिसला हजारो कनेक्शन लागत असतील तर मर्यादा तिच्याच युनिट फाइलीत (सिस्टम-डीच्या सेटिंग फाइलीत) वाढवा, संपूर्ण मशीनवर नको, आणि आकडा ठरवून लिहा, ‘इन्फिनिटी’ नको. प्रोग्राम स्वतः लिहीत असाल तर सिलेक्ट सोडून पोल किंवा ईपोल वापरा आणि सुरुवातीलाच सॉफ्ट लिमिट वर न्या. गो भाषेचे प्रोग्राम १.१९ पासून हे आपोआप करतात. दुसरा प्रोग्राम सुरू करण्याआधी मूळ सॉफ्ट लिमिट परत लावायला मात्र विसरू नका, कारण ही मर्यादा मुलाकडे, म्हणजे सुरू केलेल्या प्रोग्रामकडे, वारशाने जाते आणि त्या मुलाच्या आत काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं.